एकतिसाव्या मुलाची टाळू

शनिवारी सकाळी पावणेनऊला हर्षदाचा फोन वाजला. पलीकडे मयुरी होती, आणि आवाज पार रडवेला.

"मॅडम, जरा लवकर या. मॉडेलांच्या कपाटातले बारा डबे गेलेत. आणि भिवाकाकांच्या खोलीत... तुम्ही आधी याच."

डॉ. हर्षदा बोरसे हातातला चहा तसाच ओट्यावर ठेवून निघाली. डिंडोलीहून कॉलेजपर्यंत स्कूटीवर पाऊण तास. त्या पाऊण तासात तिच्या डोक्यात एकच आकडा फिरत होता. सोमवार, अकरा वाजता. सोमवारी बाहेरची समिती संशोधनाच्या तपासणीला येणार होती आणि डबे आजच गायब व्हावेत, याला काय म्हणायचं!

आता हे डबे कसले, ते सांगायला हवं. सुरतेतल्या त्या दंत महाविद्यालयात दात आणि जबडे सरळ करायचा विभाग आहे. विभागप्रमुख डॉ. उज्ज्वला परचुरे. पाच वर्षांपूर्वी त्यांनी डिंडोलीतली साठ मुलं निवडली, सगळी दहा-अकरा वर्षांची आणि सगळ्यांचा खालचा जबडा मागे राहिलेला. तिसांना मॅडमनी स्वतः घडवलेलं उपकरण दिलं. वरखाली दोन तिरपे तुकडे, तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे यावा असे बसवलेले. मुलं त्याला सरळ ठोकळा म्हणायची. उरलेल्या तिसांना काहीच दिलं नाही. दर वर्षी प्रत्येकाच्या दातांचं माप घेऊन प्लास्टरची मॉडेलं ओतायची, बाजूने एक्स-रे काढायचा आणि कोणाचा जबडा किती वाढला ते मोजायचं. ठोकळेवाल्यांचा जबडा चार मिलिमीटर जास्त वाढला, असा निकाल निघाला. परदेशातल्या मासिकात छापून आला. खाली नावं तीन: उज्ज्वला परचुरे, सौरभ वैद्य, हर्षदा बोरसे.

त्यातल्याच बारा ठोकळेवाल्या मुलांचे तिसऱ्या वर्षाचे डबे आता नव्हते.

कपाट उघडं होतं, पण कुलूप शाबूत. मयुरी महाजन, रेकॉर्डची कारकून, दारात ओढणीचं टोक चावत उभी होती. तिने शेजारच्या प्लास्टरच्या खोलीकडे बोट केलं.

तिथे मशीनच्या सिंकखाली भंगार प्लास्टर टाकायचा पिंप असतो. पिंपात पांढऱ्या तुकड्यांचा ढीग होता. सुटे दात, अर्धे जबडे, तळांवर चिकटवलेल्या कागदी चिठ्ठ्या. आणि पिंपाशेजारच्या स्टुलावर भिवा तायडे, विभागाचे तंत्रज्ञ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"भिवाकाका?"

"मी नाही केलं, बेटा," ते म्हणाले.

उज्ज्वला मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साठीची बाई, केस पांढरे, पाठ ताठ. आज डोळे सुजलेले दिसत होते.

"बस, हर्षू. पाणी घे आधी." त्यांनी स्वतः ग्लास पुढे केला. "पाच वर्षांचं काम. भिवाने असं का करावं?"

"काकांनीच केलं हे कशावरून?"

"किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये, एक त्याच्याकडे. तुकडे त्याच्या खोलीत. आणखी काय हवं? काही मॉडेलं त्याने वाईट ओतली असतील, नंबरांचा घोळ केला असेल. समिती येणार म्हटल्यावर घाबरला."

"मग आता?"

"मोजलेले आकडे संगणकात आहेत, समिती तेवढ्यावर भागवेल. पण मॉडेलं कशी गेली, याचा अहवाल लागेल. तो तू लिही. मी लिहिला तर लोक म्हणतील, स्वतःच्या कातडीसाठी लिहिला." मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. "सोमवारी अकराच्या आत प्राचार्य त्याच्या बडतर्फीच्या पत्रावर सही करतील. मलाही बरं वाटत नाही गं. एकोणतीस वर्षं आहे तो माझ्याबरोबर."

निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस, आणि कपाळावर चोराचा शिक्का.

"मला दोन दिवस द्या, मॅडम. सगळ्यांना विचारते, मगच लिहिते."

"विचार ना. पण उगाच ताणू नकोस."

मॅडमचा शब्द हर्षदाने आजवर खाली पडू दिला नव्हता. त्याला कारणही तसंच होतं. अकरा वर्षांची असताना तिचा खालचा जबडा इतका मागे होता की ओठ मिटत नसत. शाळेत पोरी तिला उंदरी म्हणत. मॅडम शाळेत तपासणीला आल्या, तिला हाताला धरून कॉलेजात घेऊन आल्या आणि अडीच वर्षं असलाच ठोकळा घालून उपचार केले. पुढे बारावीला अभ्यास घेतला. दंतवैद्यकीला प्रवेश मिळाला तेव्हा तिचीच उपचारापूर्वीची मॉडेलं लाल फीत बांधून भेट दिली होती. आई काय वेगळी असते?

तिने आधी मयुरीला गाठलं.

"कपाट शेवटचं नीट कधी पाहिलंस?"

"गुरुवारी दुपारी. सगळे डबे होते."

"काल कोण गेलं होतं तिथे?"

मयुरीने आजूबाजूला पाहिलं. "संध्याकाळी सौरभसर. कपाट उघडून उभे होते. मला पाहिल्यावर पटकन बंद केलं."

"किल्ली कुठली?"

"भिवाकाकांची. ती काय, खिळ्याला टांगलेली असते. कोणीही घेतं."

"गुरुवारी आणखी काही घडलं?"

"समितीचं पत्र आलं. ते मी मॅडमच्या हातात दिलं. तुम्हाला दाखवलं नाही त्यांनी?"

नव्हतं दाखवलं. मयुरीने आवक फाइलमधली प्रत काढली. पत्र साधंच होतं. येणार कोण, थांबणार किती वेळ. खाली एक ओळ: प्रत्येक मुलाच्या पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या वरच्या मॉडेलच्या टाळूंचं स्कॅनिंग करून त्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या जातील.

हर्षदाने ती ओळ दोनदा वाचली. मग तिने नोंदवही मागितली. बाराही मुलांच्या तिसऱ्या वर्षाच्या मापांची तारीख एकच होती. दोन वर्षांपूर्वीचा दहा मे, शुक्रवार.

"हे अक्षर तुझं नाही, मयुरी."

"मी रजेवर होते त्या दिवशी. मॅडमनी स्वतः लिहिलंय. खाली काकांची सही आहे बघा."

सही होती खरी. भि. ना. तायडे, बारा वेळा.

सौरभ वैद्य खिडकीशी पाठ करून उभा होता. वय हर्षदाएवढंच, पण गेले सहा महिने तो कोणाशी धड बोलत नव्हता. बडोद्याला दुसरी नोकरी पाहतोय, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

"काल संध्याकाळी कपाटाशी काय करत होतास?"

"बघत होतो."

"काय?"

"डबे आहेत का. त्या बारा जागा रिकाम्या होत्या. काल संध्याकाळीच."

"मग बोलला का नाहीस?"

"किल्ली माझ्या हातात होती. कोणी विश्वास ठेवला असता?"

"नेमके तेच बारा डबे का बघायचे होते तुला?"

त्याने दार लोटून घेतलं. "एक्स-रे मी मोजले, हर्षदा. मॉडेलं नाही, ती मॅडम स्वतः मोजायच्या. आपलं एक्स-रे मशीन नऊ वर्षं झाली, थेट संगणकावर चित्र देतं. पण या बारा जणांचे तिसऱ्या वर्षाचे एक्स-रे फिल्मवरून स्कॅन केलेले होते. कडेला फिल्म सुकवायच्या क्लिपच्या खुणा होत्या."

"मॅडमना विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाल्या, त्या दिवशी मशीन बंद होतं, तळघरातल्या जुन्या मशीनवर काढले. असेल बुवा, म्हटलं. आणखी एक सांगू? हे बारा बाजूला काढून मी एकदा हिशेब करून पाहिला. ठोकळा घातलेला आणि न घातलेला, फरक शून्य."

"आणि तरी पेपरवर नाव दिलंस?"

"तूही दिलंस," सौरभ म्हणाला.

दुपारी ती प्लास्टरच्या खोलीत आली. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली आणि पिंप उपडा केला. "काका, या. जुळवू या जमेल तेवढं."

भिवाकाका नाइलाजाने खाली बसले. पण कामाला हात लागला आणि त्यांची बोटं सराईतपणे चालू लागली. दातांच्या रांगा मोडल्या होत्या. टाळूचे भाग मात्र बरेचसे अख्खे होते, कारण मॉडेलमध्ये प्लास्टर तिथेच सगळ्यात जाड असतं. एकतीस नंबरची चिठ्ठी असलेला वरचा जबडा दोनच तुकड्यांत होता.

हर्षदाने तो खिडकीच्या उजेडात धरला. टाळू गुळगुळीत होती, हस्तिदंती रंगाची, चकाकणारी. तळ मात्र पांढराफटक आणि खरखरीत, आत्ताच मशीनवर घासल्यासारखा.

"काका, ही चकाकी कसली?"

भिवाकाकांनी तुकडा हातात घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. तुकडा त्यांनी घाईघाईने वर्तमानपत्रावर पालथा घातला.

"राहू दे बेटा. काय करायचंय."

"कसली आहे, काका?"

"साबणाची. पूर्वी मॉडेल सुकलं की साबणाच्या पाण्यात बुडवायचो आणि कापडाने घोटायचो. आरशासारखं व्हायचं."

"पूर्वी म्हणजे? हल्ली नाही?"

"स्कॅनर आला तेव्हापासून बंद. चकाकीवर त्याला नीट दिसत नाही, असं तो मशीन बसवणारा बोलला होता. आठ वर्षं झाली असतील."

"मॅडमना माहीत आहे हे?"

"त्यांना कशाला सांगायचं? प्लास्टरचं काम माझं."

"मग दोन वर्षांपूर्वी ओतलेल्या मॉडेलवर साबण कुठून आला?"

भिवाकाकांनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"असेल मीच लावला चुकून."

"बारा मुलांच्या चोवीस मॉडेलांना? काका, दहा मेला बारा मुलांची मापं आली होती का तुमच्याकडे?"

"आठवत नाही."

"सही आहे तुमची."

"मॅडम बोट ठेवतात तिथे मी सही करतो. एकोणतीस वर्षं करतोय." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "हर्षदा, तू माझं नाव लिही आणि मोकळी हो. दुसरं कोणाचं नाव घेऊ नको. माझी शपथ आहे तुला."

चिडावं की रडावं, हेच तिला कळेना. माणूस बुडत होता आणि काठावरच्याला त्रास नको म्हणून ओरडत नव्हता! तिने एकतीस नंबरचे दोन तुकडे रुमालात गुंडाळले, मयुरीसमोर त्यांची नोंद केली आणि ती घरी आली.

रविवारी सकाळी आई, सखुबाई, गॅलरीत मेथी निवडत होती. खालच्या गल्लीत कोणाकडे तरी लग्नाचा बँड सराव करत होता.

"आई, आमचा एकतीस नंबरचा मुलगा म्हणजे आपल्या दगाकाकांचा निखिल. दोन वर्षांपूर्वी दहा मेला त्याला आमच्या कॉलेजात कोणी नेलं होतं?"

सखुबाईने मान वर केली. घरात ती अहिराणीच बोले. "दहा मे? त्या साले त्या दिन अखाजी व्हती ना वं. अखाजीले सुरतमा कोन ऱ्हास? आखी डिंडोली रिकामी व्हस."

हर्षदा जागच्या जागी थबकली. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया! डिंडोली म्हणजे बहुतेक खानदेशी वस्ती, आणि खानदेशच्या माणसाला दिवाळी चुकली तरी चालेल, अखाजी चुकायची नाही. लेकी माहेरी जाणार, झाडांना झोके बांधले जाणार, आणि सुरतेच्या गाड्या नंदुरबार-अमळनेरकडे भरभरून जाणार. तिने फोनमधले फोटो मागे मागे सारले. दहा मे. मामाच्या गावी लिंबाला झोका, झोक्यावर आई, मागे आपण. मयुरीही रजेवर होती ती याचसाठी.

तरी खात्री करायला ती दोन गल्ल्या पलीकडे दगा पाटलांकडे गेली. लूमवर जन्म घातलेला म्हातारा, कानाने कमी, आवाज मोठा.

"निखिल? त्याले संगे लई मी गावले गयतू. अखाजीनं जत्रामा हरायना व्हता ना तो! सारा गाव धुंडत व्हता."

"आणि ठोकळा? तो घालत होता का?"

म्हाताऱ्याने हात झटकला. दोन महिने घातला, मग बोलता येत नाही म्हणून पोराने काढून ठेवला. कॉलेजातून एकदा फोन आला होता, नंतर कोणी विचारलंही नाही. निखिल आतून आला आणि हसला. खालचा जबडा मागेच होता, पाच वर्षांपूर्वी होता तसाच.

मग तो जबडा होता कोणाचा?

घरी येऊन तिने रुमाल उघडला आणि दोन तुकडे गोंदाने जुळवले. जिभेचं टोक पुढच्या दातांमागे नेलं की ज्या खरखरीत वळ्या लागतात ना, त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, अंगठ्याच्या ठशासारख्या. माणूस वाढतो, दात हलतात, वळ्यांची नक्षी तीच राहते. निखिलच्या पहिल्या वर्षाच्या मॉडेलचा फोटो तिच्याकडे होता. त्यात तीन आडव्या सरळ वळ्या होत्या. या तुकड्यात डावीकडची दुसरी वळी मध्येच फुटून तिचे दोन फाटे झाले होते आणि एक फाटा मागे वळला होता.

हे कुठेतरी पाहिलं आहे.

नकळत तिची जीभ टाळूला लागली. डावीकडे. दुसरी वळी. मग तिथून निघालेला फाटा.

ती उठली. बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये, देवीच्या फोटोशेजारी, लाल फीत बांधलेला डबा होता. तिने फीत सोडून डबा उघडला. आतल्या वरच्या जबड्याला तिने तो तुकडा लावून धरला. दोन फाटे होते आणि त्यातला एक मागे वळलेला.

"काय व्हयनं वं?" सखुबाई दारात आली.

"काही नाही," हर्षदा म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसून ढसाढसा रडली.

सोमवारी सव्वाआठला ती प्राचार्यांच्या दारात उभी होती. साडेआठला प्राचार्यांनी त्यांच्याकडच्या पाकिटातली जादा किल्ली काढली आणि दोघं वरच्या मजल्यावरच्या जुन्या रुग्णांच्या मॉडेलांच्या खोलीत गेले.

अकराला समितीच्या दोघांसमोर सगळे बसले. प्राचार्य, मॅडम, सौरभ, मयुरी. भिवाकाका बसायला तयार नव्हते, दाराशी उभे राहिले. बडतर्फीचं पत्र टेबलावर होतं, सहीविना.

"हर्षदाबेन, अहवाल?" प्राचार्य म्हणाले.

हर्षदा उभी राहिली. मॅडम तिच्याकडे धीर देणाऱ्या नजरेने पाहत होत्या. तेच तिला सोसवेना.

"डबे शुक्रवार संध्याकाळच्या आधी गेले," तिने सुरुवात केली. "शुक्रवारी संध्याकाळी सौरभने जागा रिकाम्या पाहिल्या. गुरुवारी दुपारी मयुरीने ते पाहिले होते. मधे एकच गोष्ट घडली. समितीचं पत्र आलं. टाळू एकमेकींवर ठेवून पाहणार, हे त्या पत्रात होतं आणि ते पत्र मयुरीने थेट एकाच व्यक्तीच्या हातात दिलं."

"पुढे," समितीतली बाई म्हणाली.

"भिवाकाकांना टाळूची भीती असण्याचं कारण नाही. मॉडेल वाईट ओतलं असतं तर दात वाईट आले असते. टाळू जुळणार नाही अशी भीती कोणाला? मॉडेल त्या मुलाचंच नाही हे ज्याला माहीत आहे, त्याला."

मॅडमचा हात टेबलावरच्या पेनावर थांबला.

"नोंदवहीत ही बारा मुलं दहा मेला आली. त्या दिवशी अखाजी होती. बाराही घरं खानदेशी. काल मी नऊ घरी जाऊन विचारलं. नऊही मुलं गावाला होती. तारीख लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरी त्या दिवशी आमरस करतात आणि कामावर येतात."

"हर्षू," मॅडम हळूच म्हणाल्या.

"तुकड्यांवर साबणाची चकाकी आहे. साबण लावणं आठ वर्षांपूर्वी बंद झालं. तळ मात्र खरखरीत, कारण जुना नंबर जावा म्हणून तो नव्याने घासलाय. एक्स-रे फिल्मवरचे, कारण त्या काळी फिल्मच होती. स्कॅनर आल्यानंतरची मॉडेलं संगणकात आहेत, ती वापरली तर पकडली जातात. म्हणून जुन्या, उपचार उत्तम झालेल्या रुग्णांची मॉडेलं घेतली. आज सकाळी प्राचार्यसाहेबांनी वरची खोली उघडली. तिथे बरोबर बारा डबे रिकामे आहेत. त्या खोलीची रोजची किल्ली एकच."

"कोणाकडे?" समितीतल्या गृहस्थांनी विचारलं.

प्राचार्य मॅडमकडे पाहू लागले. उत्तराची गरज उरली नव्हती.

"आणि निदान एक मॉडेल कोणाचं आहे, हे मी शपथेवर सांगू शकते." हर्षदाने जुळवलेला जबडा टेबलावर ठेवला. शेजारी लाल फितीच्या डब्यातला ठेवला. "हा एकतिसावा मुलगा म्हणून तुम्ही मोजलात. ही मी आहे, मॅडम. हे माझं तोंड आहे!"

सौरभने डोळे मिटून घेतले. पत्रातली टाळूची ओळ समितीला सुचवणारा तोच होता. निनावी चिठ्ठी पाठवली होती त्याने. हे त्याने नंतर सांगितलं.

उज्ज्वला परचुरे यांनी ती दोन मॉडेलं जवळ ओढून घेतली.

"बारा मुलं यायचीच बंद झाली," त्या म्हणाल्या. "फोन केला, पुन्हा बोलावलं नाही मी त्यांना. ठोकळा चालतो, हे मला माहीत होतं. तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलंय. आकडेच तेवढे दिसत नव्हते. वाटलं, जे खरं आहे तेच दाखवतेय." मग त्यांनी हर्षदाकडे पाहिलं. "तुझा निकाल सगळ्यात चांगला होता, म्हणून घेतला. तुझा जबडा तर खरा वाढला ना?"

"वाढला. पण ठोकळ्याने वाढला की वयाने वाढला, हेच तर शोधायचं होतं आपल्याला. ते आता कोण सांगणार?" हर्षदा टेबलावर पुढे वाकली. "अहो, मागितलं असतं तर मी जीव दिला असता तुम्हाला. तुम्ही माझं तोंड चोरलंत. आणि वर या माणसाच्या फाशीचा कागद माझ्याच हाताने लिहून घेत होतात!"

प्राचार्यांनी टेबलावरचं पत्र उचललं, मधोमध फाडलं आणि समितीला आपल्या खोलीकडे घेऊन गेले. मॅडम त्यांच्यामागून गेल्या. दाराशी भिवाकाका बाजूला झाले. त्यांच्याकडे न बघता त्या पुढे निघून गेल्या.

हर्षदाने अहवालात शेवटची दोन वाक्यं घातली. भिवा नामदेव तायडे यांचा यात कसलाही दोष नाही. हर्षदा बोरसे हिने न तपासता पेपरवर नाव दिलं, हा तिचा दोष आहे. सही केली आणि ती प्लास्टरच्या खोलीत आली.

भिवाकाका स्टुलावर बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

"काका, सुटलात तुम्ही. आता कशाला रडता?"

"मला एकदा विचारायचं होतं गं त्यांनी," ते म्हणाले. "भिवा, माझ्याकडून असं झालंय, तू तुझ्यावर घेतोस का, एवढं विचारायचं होतं. मी घेतलं असतं. हसत घेतलं असतं. न विचारताच माझ्या पिंपात टाकून गेल्या."

हर्षदा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. त्यांचा हात हातात घेतला. खोटं काही आता तिला बोलायचं नव्हतं.